दोन दांडे

"ही कंपनी बाजार खाईल का?"
एवढंच विचारलं हुंदरे सरांनी
खडेबाजारातल्या माडीवर, चष्मा कपाळावर ढकलत.
"सोमवारपर्यंत पानभर लिही.
भिशीचे अकरा लाख आहेत."
अकरा लाख म्हणजे दोन शिंपी, कुंदा करणारा एक आचारी,
कॅम्पातल्या निवृत्त नर्स फिलोमिनाबाई,
आणि वहीत नुसतं आडनाव असलेले सातजण.

मी आकडे मांडले.
लहरींचा कुठला पट्टा लिलावात केवढ्याला घेतला,
पेटंटं किती, त्यातली भांडणात किती,
मनोरे स्वतःचे किती, भाड्याचे किती,
एक गिऱ्हाईक महिन्याला काय देतं
आणि सोडून जातं तेव्हा का जातं.
शेवटच्यापुढं आकडा नव्हता.
आलेख मात्र चढत होता,
तेव्हा पेन्सिलीनं लिहिलं: खाईल.

उद्यमबागेत, तवनाप्पांच्या फाउंड्रीत
क्रेनला त्याच कंपनीचा रिमोट.
लाल बटण, हिरवं बटण, पट्ट्यानं गळ्यात.
पलीकडच्या शेडमध्ये वेल्डिंग पेटलं
आणि अर्धा टन बीड हवेत थांबलं,
ना वर, ना खाली.
तवनाप्पांनी खांबामागून जुनी केबल ओढली,
खटका दाबला.
"वायर हाय म्हणून वायरलेस चालतंय,"
म्हणाले, आणि चहा सांगितला.
मी चहा प्यालो. खोडलं नाही काही.
'खाईल'पुढं एक प्रश्नचिन्ह काढलं, बारीक.

शनिवारी कणकुंबीची बस.
जांबोटीपर्यंत चार दांडे, पुढं तीन,
पुढं काजूच्या झाडांत फोन नुसता घड्याळ.
फाट्यावर उतरलो तर पाठोपाठ दोन निरोप:
एक कानडीत, कर्नाटकात स्वागत,
एक इंग्रजीत, गोव्यात.
मी एकाच दगडावर उभा होतो.
माणसं इतकी वर्षं कोर्टात भांडतात ती रेघ
लहरीला ठाऊक नाही.
कंपनीला आहे. तिच्या परवान्यात ती रेघ आहे.

मोनाप्पा गावडा विहिरीच्या कठड्यावर,
हात उंच, कंदील धरल्यासारखा.
तंबाखूच्या पुडीत चार सिमं.
"सकाळी हे, दुपारी ते.
जे येतंय ते आपलं."
सगळ्यात चांगली कंपनी कुठली, विचारलं
तर त्यानं समोरच्या किंदळाकडं बोट केलं.
"ह्याचं पान झडलंय तोवर तुमची, दोन दांडे.
पालवी आली की कुठलीच नाही."
"पाडा की मग झाड."
"त्यावर मधाचं पोळं बसतंय दरसाल.
तुमच्या सिग्नलला काय भाव?"
भाव होता माझ्याकडं, पट्ट्याचा, कोटींत,
बॅगेत, दुसऱ्या पानावर.
सांगितला नाही.

सोमवारी हुंदरे सरांनी पान वाचलं:
पैसा आहे, पट्टा आहे, पेटंटं आहेत.
सपाटीवर पहिली येईल.
घाटाकडं आणि वेल्डिंगच्या शेजारी सांगता येत नाही.
"हा काय निकाल झाला?"
"नऊ लाख घाला," मी म्हणालो. "दोन ठेवा."
"दोन कशाला?"
"केबलला."
त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला,
माझ्याकडं बघितलं,
आणि पुन्हा कपाळावर ढकलला.

खाली जिन्यात फिलोमिनाबाई.
मस्कतच्या मुलाशी बोलत होत्या,
फोन एका कानाला, दुसरा कान बोटानं बंद.
"ऐकायला यायलंय का रे?
हां. आता यायलंय."
कुठलं कार्ड, ते मी विचारलं नाही.
भिंतीला चिकटून उभा राहिलो,
माझ्या आडोशानं
एखादा दांडा जायला नको म्हणून.